आधी केलेलं लिही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझे आजोबा, आपले सुतार मिस्तरी, गेले त्यांच्यावर सभेत वाचायला लिहिलेली तुझी चार पानं मिळाली. नीट वाचली आणि या पत्रासोबत परत पाठवतो आहे. समासात पेन्सिलीच्या फुल्या दिसतील. प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू, मनमिळाऊ, निसर्गप्रेमी, देवमाणूस. यातला एकही शब्द खोटा नाही. पण मिस्तरींचं नाव झाकलं तर हीच पानं पंचक्रोशीतल्या कुठल्याही भल्या माणसाच्या शोकसभेत वाचता येतील. माझी हरकत तिथेच आहे. जो मजकूर कुणालाही लागू पडतो, तो तुझ्या आजोबांचा नाही.

पानांपेक्षा सोबतची चिठ्ठी मला जास्त लागली. काका म्हणतात, शिकारीचं काढून टाक, लोक काय म्हणतील. आत्या म्हणते, तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल मिस्सेनंतर, प्रार्थना आटोपल्यावर, चर्चमध्ये वाचायला बरे दिसणार नाहीत. शाळेतल्या कार्यक्रमासाठी वेगळी प्रत कर आणि तिच्यातून चर्चच गाळ, असं आणखी कुणी सुचवलं. शेवटच्या ओळीत तू विचारलंस, "मग आजोबांचं उरलं काय, गुरुजी?"

सगळं उरलं. काहीही गाळायचं नाही. फक्त आधी केलेलं लिही. मिस्तरींनी काय केलं, कशाने केलं, कुठे बसून केलं, कुणासाठी केलं. ते कसे होते हे ऐकणाऱ्याला त्यातून कळेल. त्याला ते हाताला धरून सांगावं लागत नाही.

तुझं बायबल माझ्यापेक्षा पक्कं आहे, तरी एक गोष्ट तुझ्या आजोबांनीच मला दाखवली होती ती सांगतो. संत जोसेफ सुतार. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. मत्तयाने त्याला एकदा 'नीतिमान' म्हटलं आहे, आणि त्याच ओळीत तो मरियेची बदनामी होऊ नये म्हणून काय करणार होता ते सांगून टाकलं आहे. पुढे सगळं केलेलंच. तो उठला, रात्रीच बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात गेला, मग परत आला, नासरेथात राहिला. एवढ्यावर जगभर त्याच्या नावाने देवळं उभी आहेत. मिस्तरी म्हणाले होते, "मास्तर, आमचा सुतार काई बोललाच नाई. करत रायला." त्या दिवशी ते माझ्या वर्गातल्या बाकाचा मोडका पाय बदलत होते आणि मी खडू घेऊन बाजूला उभा होतो.

म्हणून म्हणतो, केलेलं लिही.

आता 'कष्टाळू' या फुलीपाशी ये. कष्टाळू तर गावातला प्रत्येक जण होता. मिस्तरी पंधरा-सोळा वर्षांचे असताना मिशनच्या सुतारखान्यात काम शिकत होते. ते साल 1955. त्याच वर्षी अमरावती धर्मप्रांत, म्हणजे तुमच्या चर्चचा विभाग, वेगळा झाला आणि त्याच वर्षी पोप पायस बारावे यांनी 1 मे हा कामगार संत जोसेफचा सण ठरवला. गावातली अवजारं खंडेनवमीला पुजली जायची. मिस्तरींची अवजारं 1 मेला अंगणातल्या सतरंजीवर निघायची. करवती, रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट, गुण्या. प्रत्येकाला धार, प्रत्येकाला तेलाचा हात, आणि मग प्रार्थना. त्या दिवशी ते कुणाचंही काम हाती घेत नसत. पाटलाचं असलं तरी नाही. हे लिही. धर्म आणि धंदा या दोन्हींबद्दल तुझी दोन पानं जे सांगू शकली नाहीत ते एवढ्यात येतं.

लाकडाचंही लिही, आणि लाकडाचं नाव घेऊन लिही. 'लाकडी वस्तू बनवत' असं वाक्य मला पुन्हा दिसता कामा नये. दाराला साग, नांगराला बाभूळ, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, दांड्यांना तिवस, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा. साग परतवाड्याच्या डेपोतून लिलावात घेतलेला, वनखात्याच्या हातोड्याची खूण असलेला, आणि पावती पत्र्याच्या डब्यात. तो डबा तुमच्या माळ्यावर आहे, मी पाहिला आहे. डोंगर दाराशी, रात्री कोणीही ओंडका आणून टाकायला तयार, आणि तरी ते लिलावाच्या दिवशी एसटीने परतवाड्याला जायचे. प्रामाणिक होते असं लिहू नकोस. पावत्या काढ, साल बघ, भाव बघ, तेवढं उतरवून घे.

जोडाबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तुझ्या वडिलांनी तो धंदा घेतला नाही. (त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तोवर बंड्यांना रबरी टायर आले होते, लोखंडी नांगर आले होते, आणि दारं शहरातून तयार येऊ लागली होती.) चौकटीत एका लाकडाचं कुसू, म्हणजे घडवलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसतं आणि आरपार बांबूची खुंटी जाते, एवढं कुणीही करतो. मिस्तरी कुसवातलं भोक अर्धा सूत कुसवाच्या मुळाकडे पाडायचे. म्हणजे दोन्ही भोकं समोरासमोर येतच नाहीत. खुंटी ठोकली की ती वाट काढताना कुसू आत ओढून घेते आणि जोड आवळतो. सरस नाही, खिळा नाही. आमच्या शाळेच्या दाराची चौकट अशी आहे. माझी नोकरी संपली, शाळेचं छप्पर बदललं, चौकट हललेली नाही. ते दार तू उघडून बघ, बोट लावून खुंटीचं टोक शोध. मग लिही.

बंडीच्या चाकावर धाव चढवायचं काम लोहाराचं, पण मिस्तरी तिथून हलायचे नाहीत. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी तोकडी ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की फुगते, सांडशीने उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी मारतात. लोखंड आकसतं आणि आऱ्यांचे सगळे जोड एकदम कचकन आवळले जातात. त्या आवाजावरून जोड बरोबर बसले की नाही ते मिस्तरी सांगायचे. कुरकुर आली तर चाक परत. फुकट परत.

आता श्रद्धेकडे येतो, कारण तुझ्या पानांत सगळ्यांत जास्त शब्द तिच्यावर आहेत आणि सगळ्यांत कमी माहितीही तिथेच आहे. ते रोज रोझरी म्हणत, उपवासकाळ पाळत, एकही रविवार चुकवत नसत. बरोबर. पण तुझ्या आजोबांनी या भागातल्या तुमच्या ख्रिस्ती लोकांसाठी किती पेट्या केल्या हे तुला ठाऊक आहे का? शेवटच्या पेट्या. कुणी गेलं की निरोप आधी फादरकडे जायचा आणि मग मिस्तरींकडे. ते त्या घरी जायचे, मयताजवळ थोडा वेळ बसायचे, मग खिशातून सुतळी काढून डोक्यापासून पायापर्यंत आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत गाठी मारून घ्यायचे. टेप कधी नाही. टेप म्हणजे गिऱ्हाईक झालं, असं त्यांचं म्हणणं. रात्रभर पेटी चालायची, कंदील धरायला बऱ्याचदा मी असायचो. पैसे घेतले नाहीत. चहा घ्यायचे.

आणि ती पेटी सागाची नसायची. सालईची असायची. सालई म्हणजे मऊ, हलकं लाकूड. पॅकिंगच्या खोक्यांना जातं. मी एकदा विचारलं, इतका चांगला साग ठेवलाय घरात, मग ही खोक्याची फळी का? ते म्हणाले, "मातीत जायचं हाय तं साग कायले, मास्तर? साग मातीसंग भांडत रायते." सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी त्याला लवकर हात लावत नाही. दाराला हेच हवं. पेटीला हे नको. झाकणावरचा क्रूस मात्र सागाचा, दोन पट्ट्या एकमेकींत अर्ध्या खाचवून बसवलेला, कारण तो मातीत जायचा नाही. तो काढून घरच्यांच्या हातात द्यायचे.

त्याच सालईचा डिंक. उन्हाळ्यात डोंगराच्या उतारावर सालईची झाडं निष्पर्ण, कागदासारखी साल सुटलेली अशी उभी असतात. जनावराने खरवडलं की तिथे डिंक येतो आणि वाळतो. मिस्तरी तो आपसूक आलेला डिंक तेवढा वेचायचे, झाडाला कुऱ्हाड लावायचे नाहीत. घरी निवडून, धुळीपासून वेगळा करून, डबीत भरून फादरना द्यायचे. मोठ्या सणाला धूपदानीत तोच जळायचा. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस आणला असं तुम्ही नाताळात वाचता. तो ऊद अरबस्तान-सोमालियाकडच्या ज्या झाडांचा, त्यांच्याच बॉसवेलिया प्रजातीतली आपली सालई. हे मी नंतर वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. मिस्तरींना सांगायला गेलो तर त्यांना ते कुणा जुन्या फादरकडून आधीच माहीत होतं. एकाच झाडाची फळी माणसाला मातीत नेते आणि त्याचा धूप वेदीवर जातो. हे त्यांनी कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. वर्षानुवर्षं करत राहिले. तू 'श्रद्धाळू' लिहून मोकळी झालीस.

मी रागावलो आहे असं वाटेल. थोडा आहेच. तू त्यांच्या रंध्याच्या सालपटांत बसून मुळाक्षरं गिरवलीस, माझ्यासमोर. तुझ्याकडे इतकं आहे आणि तू छापील शब्दांकडे हात पसरतेस, याचं वाईट वाटतं.

याचं कारण सांगतो. माझे वडील शेतकरी होते. त्यांच्या तिफणीच्या तासाला कुणी नाव ठेवलं नाही. पेरणीच्या दिवसांत शेजारचे लोक बांधावर उभे राहून बघायचे. ते गेले तेव्हा तेरवीला बोलायला पुष्कळ जण उभे राहिले. देवमाणूस, देवमाणूस, देवमाणूस. मी तरुण होतो, मला भरून आलं. आज माझा नातू विचारतो, आबा, पणजोबा कपाशीत तूर कशी पेरायचे? चाड्यावर कोण असायचं, सरतं कोण धरायचं, मुठीतून बी किती सोडायचं, वाफसा पायाने बघायचे की हाताने? मला सांगता येत नाही. आई गेली, काका गेले, गडी गेला. विचारायला कुणी उरलं नाही. देवमाणूस हा शब्द तेवढा उरला, आणि त्या शब्दाने एक ओळ पेरता येत नाही.

तेव्हापासून मी हट्ट धरला आहे. शोकसभेत बोलायला सांगितलं तर मी त्या माणसाने केलेलं सांगतो, आणि केलेलं मला माहीत नसेल तर बोलत नाही. यावरून माणसं दुखावली आहेत. एका मोठ्या घरच्या सभेत मी सांगितलं की गेलेले बाबा साठी ओलांडल्यावर रात्रीच्या साक्षरता वर्गाला माझ्यासमोर येऊन बसले, कंदिलाच्या उजेडात सही शिकले आणि पुढच्या महिन्यात सोसायटीच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही केली. माझ्या मते त्या माणसाच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत धाडसाचं काम होतं. घरच्यांना वाटलं मी त्यांचा अडाणीपणा चव्हाट्यावर मांडला. त्या घराने पुढे मला लग्नालाही बोलावलं नाही. मी आजही तेच सांगेन. त्यांनी वाटलेली लुगडी आणि दिलेल्या देणग्या सांगायला दहा जण होते. थरथरत्या हाताने पाटीवर पहिलं अक्षर काढताना पाहणारा मी एकटा होतो. मी सांगितलं नसतं तर ते कुणी सांगितलं असतं? लोक मला कोरडा म्हणतात. ज्याच्याबद्दल ओढ नसते त्याचे बारकावे कुणी सांभाळून ठेवत नाही, एवढंच माझं उत्तर आहे.

असो. तुझ्या काकांकडे येऊ.

शिकार. होय, मिस्तरी शिकार करत. भरमार बंदूक होती, परवाना होता, आणि त्या काळात डोंगराच्या पायथ्याला ते कुणाला वावगं वाटत नव्हतं. रानडुकरं पिकात शिरायची, सांबर-चितळ मारले जायचे, मांस वाटून खाल्लं जायचं. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पाठोपाठ मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या 9 प्रकल्पांपैकी एक. गावात पुष्कळांनी बंदुका गवतात लपवल्या. मिस्तरींनी आपली ठाण्यात जमा केली आणि पायी परत आले. त्यानंतर रानातलं मांस त्यांच्या घरी शिजलं नाही. मी त्यांच्याकडे इतकं जेवलो आहे की हे मी शपथेवर सांगू शकतो.

आता तूच बघ. पहिलं वाक्य काढलंस तर दुसऱ्याला काही अर्थ राहतो का? ज्याने कधी बंदूक धरलीच नाही त्याने ती ठेवली, यात काय विशेष? काकांना सांग, गुरुजी म्हणाले दोन्ही वाक्यं राहतील, आणि या क्रमाने राहतील.

पुढचं तर काकांनाही ठाऊक नसेल. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यावर जनावरांची मोजणी करायचं. त्याला मचाणं लागायची. मिस्तरींना बोलावणं यायचं. ज्या पाणवठ्यावर ते पूर्वी सांबरासाठी दबा धरून बसत, त्याच पाणवठ्यावर त्यांनी मोजणीचं मचाण बांधलं, कारण वारा कुठून येतो आणि जनावर कुठल्या वाटेने उतरतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. जिवंत झाडाला खिळा मारायचा नाही, हा त्यांचा नियम. बल्ल्या दोराने आवळायच्या, आणि लाकडावर लाकूड येईल तिथे जुन्या कापडाची घडी घालायची. बसलेल्याने कूस बदलली की मचाण करकरतं, आणि एकदा करकरलं की रात्र वाया. शहरातून आलेल्या हौशी मंडळींना वाटायचं मचाण म्हणजे चार बल्ल्या आणि एक खाट. मिस्तरींच्या मचाणावर बसलेला वनरक्षक पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या मचाणावर बसायला तयार नसायचा.

'निसर्गप्रेमी' वर मी दोन फुल्या मारल्या आहेत. रविवारी मिस्सा झाली की कांदा-भाकर बांधून आम्ही निघायचो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचे दिवस. त्या काळात मिस्तरी काडीपेटी घरी ठेवायचे. विडी ओढणारा माणूस, दिवसभर विडीवाचून. माझीही काडेपेटी पिंपळाखाली दगडाखाली ठेवायला लावायचे. झावळ्यांच्या रविवारसाठी, ईस्टरच्या आधीच्या रविवारसाठी, नाल्यातून शिंदीच्या झावळ्या आणायचे, पण एका झाडाच्या दोनच, आणि मधला कोंब सोडून. हे प्रेम. हे असं लिही.

आणि ते घुबड. मेळघाटात सेमाडोहकडच्या रानात एका उघड्या सागाच्या शेंड्यावर भर दुपारी एक लहानसं घुबड बसलेलं त्यांनी मला दाखवलं. मी म्हटलं पिंगळा. ते म्हणाले, "पिंगया नोहे. याच्या डोक्यावर ठिपके नाई. अन् शेपूट पाहा कसं हालवते." मी मान डोलावली आणि विसरलो. 1997 च्या नोव्हेंबरात खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. 1884 नंतर कुणी पक्षीतज्ज्ञाने तो खात्रीने पाहिलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते. नंतर मेळघाटातही तो आढळला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, दिवसा शिकार करतो, शेपटी बाजूंना झटकतो. वर्तमानपत्र वाचून मी धावत गेलो. मिस्तरी पटाशीला धार लावत होते. म्हणाले, बरं झालं, सापडला. मिस्तरींनी तो शोधून काढला असं मी म्हणत नाही आणि तूही म्हणू नकोस. त्यांनी पाहिलं, फरक ओळखला, शेजारच्याला दाखवलं, एवढंच घडलं. एवढंच लिही, एक शब्द जास्त नको.

आत्याला काय सांगायचं? तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं लाकडी बैल घेऊन निघायची आणि त्यातले बरेचसे बैल तुझ्या आजोबांच्या हातचे असायचे. ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत त्याचाही बैल व्हायचा. उरल्यासुरल्या लाकडाचा, पण चारही चाकं फिरणारा. चर्चमध्ये वाचायला यात अडचण काय? येशूने लेकरांना जवळ येऊ द्या म्हटलं तेव्हा कुणाची लेकरं ते विचारलं नव्हतं. आत्याला राग आला तर माझ्याकडे पाठव. तीही माझीच विद्यार्थिनी आहे.

आणि शाळेच्या प्रतीतून चर्च गाळायचा सल्ला ज्याने दिला त्याचं नाव तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. चर्चमध्ये मागच्या ओळीत म्हाताऱ्या बायांसाठी एक वेगळा बाक आहे. ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांना बसल्या बसल्या कोपरं टेकून प्रार्थना करता यावी म्हणून मिस्तरींनी एकेकीला स्टुलावर बसवून मांडीपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं आणि पुढची फळी त्या उंचीला बसवली. हे शाळेत वाचायचं नाही? मुलांना मापं घेणं आपण दुसरं कशासाठी शिकवतो? एकच प्रत कर. तीच चर्चमध्ये वाच, तीच शाळेत वाच. दोन ठिकाणी दोन आजोबा करायचे नाहीत.

कोरकू आदिवासींचं एक सांगायचं राहिलं. ते गेलेल्या माणसासाठी सागाची कोरीव फळी उभी करतात, मुंडा म्हणतात तिला. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. एका घराने मिस्तरींना ती कोरून मागितली. त्यांनी चांगल्या वाळलेल्या सागाची फळी दिली, रंधून दिली, पण कोरली नाही. म्हणाले, हे तुमच्या हाताने व्हावं. मग दुपारभर कोरणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी बसून त्याच्या पटाशीला धार लावून देत राहिले. सागात वाळूसारखा कठीण अंश असतो, धार लवकर जाते. ती धार पुन्हा पुन्हा लावून देणं हे मिस्तरींचं त्या फळीतलं काम. फळीवर ते कुठेच दिसत नाही. तुझ्या पानावर दिसलं पाहिजे.

तू लिहिलंस की तू नागपूरला वाढलीस, तुला काय हक्क. हे मला ऐकायचं नाही. हक्क फिरून मिळतो. ये, आणि घरोघर जा. फोनवर विचारू नकोस. "ते कसे होते?" असं तर मुळीच विचारू नकोस, कारण लगेच देवमाणूस ऐकायला मिळेल. विचार, तुमच्याकडे त्यांनी काय करून दिलं, दाखवा. लोक उठतील, आतल्या खोलीत नेतील, पाट काढतील, पाळणा काढतील, तीन पायांचं बसकं काढतील. शेणाच्या जमिनीवर चार पाय डगमगतात, तीन पाय कधी डगमगत नाहीत, म्हणून तीन. बसून बघ त्यावर. मिशनच्या सुतारखान्यात त्यांच्याबरोबरचं कुणी हयात असेल तर आधी तिकडे जा, बाकीचं नंतर, कारण तिथला वेळ सगळ्यांत कमी आहे. वनखात्यातून निवृत्त झालेले दोघे परतवाड्याला असतात, त्यांचे पत्ते मी देतो. डाव्या हाताचं बोट आरागिरणीत कसं तुटलं, हे तुझ्या आजीला विचार. तिने मला सांगितलेलं वेगळं आहे आणि मिस्तरींनी सांगितलेलं वेगळं. दोन्ही लिही.

नवी पानं मिस्सेच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे पोचली पाहिजेत. हाताने लिहिलेली चालतील. लांबी बघू नकोस, फादरांशी मी बोलतो. शिकार, बैल किंवा मागचा बाक यांतलं एक जरी गाळलेलं दिसलं, तर पुढचं न वाचता परत पाठवीन.

आईला नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझा
गुरुजी